रविवार कुणाचा? इम्प्रेशनिस्ट चित्रांमागचं पॅरिस

१८७० च्या दशकात पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकावर रविवारी सकाळी उतारूंची झुंबड उडायची. दुकानांतले कारकून, शिवणकाम करणाऱ्या मुली, पेढ्यांवरचे साहेब, पोराबाळांसकट निघालेली कुटुंबं. थोड्याच वेळात गाडी शहराबाहेर पडून सेन नदीकाठच्या आर्जाँतयला पोचायची. तिथे भाड्याच्या होड्या होत्या, शिडांच्या नावांच्या शर्यती होत्या, काठावर खाणावळी होत्या. दिवस पाण्यावर घालवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी परतायचं.

याच आर्जाँतयमध्ये क्लोद मोने १८७१ च्या अखेरीस राहायला आला आणि १८७८ पर्यंत राहिला. तिथे त्यानं रंगवलेली पांढरी शिडं, लाटांवर तुटणारी प्रतिबिंबं आणि खसखशीच्या लाल फुलांचं शेत आज जगभर कॅलेंडरांवर आणि चहाच्या मगांवर छापलं जातं. इतकं गोड, इतकं निरुपद्रवी वाटतं ते, की एकेकाळी यावरून भांडणं झाली होती हे पटत नाही.

इम्प्रेशनिझम, म्हणजे मराठीत ज्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात तो, आपल्याला शिकवला जातो प्रकाशाचा अभ्यास म्हणून. क्षणाक्षणाला बदलणारं ऊन, सावलीतले रंग, डोळ्यांना होणारा पहिला प्रत्यय. हे सगळं खरंच आहे. पण त्या उन्हात बसायला सवड कुणाला होती, तिथवर जायला गाडी कुणी आणली आणि असं चित्र विकत घ्यायला पैसे कुणाकडे आले, हे विचारल्याशिवाय ही चित्रं अर्धीच दिसतात. त्यांत जितकं ऊन आहे तितकंच रेल्वेचं तिकीटही आहे.

पाडलेलं शहर, बांधलेलं शहर

१८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं झॉर्झ-यूजीन ओस्मान या अधिकाऱ्याकडे पॅरिसचा कारभार सोपवला आणि पुढची सतरा वर्षं शहरात घण थांबला नाही. मध्ययुगीन गल्लीबोळ पाडून रुंद, सरळ, झाडांच्या रांगा असलेले रस्ते काढले गेले. जमिनीखाली मलवाहिन्यांचं जाळं आलं, रस्त्यांवर गॅसचे दिवे, ठिकठिकाणी बागा. १८६० मध्ये मोंमार्त्र, बातिन्योल, बेलव्हिल अशी भोवतालची वस्ती शहराच्या हद्दीत घेतली गेली. १८५० च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या वीसेक वर्षांत अठरा लाखांवर गेली.

यामागे कॉलऱ्याची भीती होती, वाहतुकीची कोंडी होती आणि राजकारणही होतं. १८३० आणि १८४८ च्या उठावांत लोकांनी अरुंद गल्ल्यांत अडथळे रचून सैन्य अडवलं होतं. रुंद रस्त्यावर ते अवघड जातं. ज्यांची घरं पाडली त्यांतल्या बहुतेकांना नव्या इमारतींतलं भाडं परवडणारं नव्हतं. ते शहराच्या कडेला सरकले. मधल्या भागात सारख्या उंचीच्या, सारख्या सज्जांच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या, त्यांत पैसेवाले राहायला आले आणि तळमजल्यावर कॅफे उघडले.

ग्युस्ताव कायबोतनं १८७७ मध्ये रंगवलेलं ‘पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस’ हे चित्र या नव्या शहराचा दस्तऐवजच म्हणायला हवं. दोन मीटरहून उंच, पावणेतीन मीटर रुंद. साँ-लाझार स्थानकाजवळचा चौक, ओले चकचकीत दगड, छत्र्या आणि जहाजाच्या नाळेसारख्या टोकदार इमारती. समोरून चालत येणारं जोडपं बाजूला कुठेतरी पाहतंय. चित्रातलं कुणीच कुणाशी नजर मिळवत नाही. जुन्या मोहल्ल्यात प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखत असे. इथे सगळे एकमेकांना परके आहेत आणि त्यांना ते खुपतही नाही.

कायबोत हा श्रीमंत घरचा. त्याच्या वडिलांनी लष्कराला कापड पुरवून पैसा केला होता. पण १८७५ मध्ये त्यानं उघड्या अंगानं, गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासणारे तीन मजूर रंगवले. सरकारी प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. उघडं अंग तिथे वर्ज्य नव्हतं. ग्रीक देवांची आणि अप्सरांची उघडी अंगं तिथे भिंती भरून असत. घामेजलेला पॅरिसचा मजूर मात्र चालत नव्हता.

परीक्षकांचा दरवाजा

त्या सरकारी प्रदर्शनाचं नाव सॅलाँ. चित्रकाराचं नशीब तिथे ठरे. अकादमीच्या वर्चस्वाखालचं परीक्षक मंडळ चित्रं निवडायचं आणि त्यामागे विषयांची एक उतरंड होती. वर इतिहास, पुराण, बायबल, मग व्यक्तिचित्र, त्याखाली रोजच्या जीवनातले प्रसंग आणि निसर्गदृश्य, तळाला फळं-फुलं-भांडी. रंगलेपन असं गुळगुळीत हवं की कुंचल्याचा माग दिसता कामा नये. सॅलाँमध्ये चित्र लागलं तर गिऱ्हाईक मिळे, पदक मिळालं तर भाव चढे. नाकारलं गेलं तर वर्षाची कमाई बुडाली.

१८६३ मध्ये मंडळानं इतकी चित्रं नाकारली की ओरड थेट सम्राटापर्यंत गेली. त्यानं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायची परवानगी दिली. लोक मुख्यतः हसायला आले आणि एदुआर मानेच्या ‘गवतावरची न्याहारी’ या चित्रापाशी सर्वांत जास्त हसले. दोन आधुनिक पोशाखातले पुरुष आणि त्यांच्याबरोबर विवस्त्र बसलेली, प्रेक्षकाकडे थेट बघणारी बाई. ती देवी असती तर कुणाची हरकत नव्हती. पण ती उघडउघड त्या काळच्या पॅरिसमधली होती.

माने, मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिस्ले, बाझीय ही मंडळी १८६० च्या दशकात बातिन्योलच्या कॅफे गेर्ब्वामध्ये जमायची आणि तावातावानं बोलायची. त्यांच्यातला माने अखेरपर्यंत सॅलाँचा दरवाजा ठोठावत राहिला. उरलेल्यांनी शेवटी वेगळी चूल मांडली. १८७३ च्या डिसेंबरात त्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली. कामीय पिसारोनं तर पाँत्वाज गावच्या बेकरीवाल्यांच्या संघाची घटना नमुना म्हणून पुढे केली होती. रेन्वारला त्यातले कडक नियम पसंत पडले नाहीत. म्हणजे आधुनिक कलेतली ही मोठी घटना रीतसर वर्गणी भरून सुरू झाली.

१५ एप्रिल १८७४ रोजी बुलेव्हार दे काप्युसीनवर, छायाचित्रकार नादारनं नुकत्याच सोडलेल्या स्टुडिओत त्यांचं पहिलं प्रदर्शन उघडलं. तीस चित्रकार-शिल्पकार, प्रवेश एक फ्रँक. कामावरून सुटलेल्यांनाही येता यावं म्हणून ते संध्याकाळीही उघडं ठेवलं होतं. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले. ‘ल शारीव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरुआनं मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या बंदराच्या चित्रावरून सगळ्यांची टर उडवली आणि त्या टिंगलीतूनच ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटलं. हिशेब मांडल्यावर मंडळी तोट्यात निघाली आणि वर्षाअखेर ती मोडीत काढावी लागली. तरी १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा एकटा पिसारो.

ट्यूब, रसायनं आणि रंगाचं गणित

ही चित्रं तंत्राच्या बाजूनं शक्य कशी झाली, तेही पाहायला हवं. पूर्वी तेलात खललेले रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. एकदा टोचलं की रंग फार टिकत नसे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आता पेटीत ट्यूबा, बगलेत घडीचं ईझल आणि हातात बेताच्या आकाराचा कॅनव्हास घेऊन गाडी पकडता येऊ लागली. उघड्यावर कच्ची रेखाटनं पूर्वीचे चित्रकारही करत. पण सबंध तैलचित्र नदीकाठीच सुरू करून तिथेच संपवणं यानं सोपं झालं.

त्यातच रसायनशास्त्रानं नवे रंग दिले. कोबाल्ट निळा, कारखान्यात तयार झालेला स्वस्त अल्ट्रामरीन, क्रोम आणि कॅडमियमचे पिवळे, व्हिरिडियन हिरवा. अस्सल अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्दापासून बनायचा आणि सोन्याच्या भावानं विकला जायचा. आता तो कुणीही पाण्यावर, आकाशावर, सावलीवर सढळ हातानं लावू शकत होता.

रंग वापरायचे कसे, याचा धागा एका कापड-कारखान्यातून आला. मिशेल-यूजीन शेव्हरल हा गोब्लँच्या सरकारी विणकाम-कारखान्यातल्या रंगाई विभागाचा प्रमुख. काही धागे फिके दिसतात अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर त्याला कळलं की दोष धाग्याच्या रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. जवळजवळ ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात: लालाशेजारी हिरवा अधिक हिरवा दिसतो, नारिंगीशेजारी निळा अधिक निळा. १८३९ मध्ये त्यानं हे ग्रंथरूपानं मांडलं. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो आणि पदर हलला की डोळ्यांना तिसराच रंग चमकताना दिसतो. इम्प्रेशनिस्टांनी कॅनव्हासवर जवळपास तेच केलं. रंग पॅलेटवर पूर्ण घोटून एकजीव करण्याऐवजी त्यांनी शुद्ध रंगाचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवले. सावली काळी-तपकिरी करण्याऐवजी निळी-जांभळी केली, कारण उन्हाच्या पिवळ्याशेजारी ती तशीच दिसते. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके-फटकारे. चार पावलं मागे सरकलं की पाणी हलू लागतं.

याच काळात छायाचित्रण रुळलं होतं, त्यामुळे हुबेहूब नक्कल ही चित्रकाराची मक्तेदारी उरली नव्हती. आणि जपानचे दरवाजे व्यापाराला उघडल्यावर होकुसाई, हिरोशिगे यांचे लाकडी ठशांचे छाप पॅरिसच्या दुकानांत येऊ लागले. चौकटीनं अर्धवट कापलेली माणसं, तिरका अवकाश, सपाट रंग. देगाच्या नर्तकी चित्राच्या कडेला अर्ध्या कापल्या जातात त्यामागे या छापांचा मोठा वाटा आहे.

जे रंगवलं नाही

१८७० च्या जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रेदेरिक बाझीय सैन्यात दाखल झाला आणि नोव्हेंबरात, अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेला. मोने आणि पिसारो लंडनला निघून गेले. पिसारोच्या लूव्हसिएनच्या घरात प्रशियन सैनिक राहिले आणि त्याच्या कित्येक वर्षांच्या चित्रांची नासाडी झाली. फ्रान्स हरला. त्यानंतर मार्च १८७१ मध्ये पॅरिसच्या कामकरी जनतेनं सरकारविरुद्ध उठाव करून कम्यून स्थापलं. ठिणगी पडली मोंमार्त्रच्या टेकडीवर, तिथल्या तोफा सरकारी सैन्य न्यायला आलं तेव्हा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सैन्यानं शहरात घुसून हजारो लोकांना ठार केलं, त्यातल्या कित्येकांना भिंतीशी उभं करून. त्युइलरी राजवाडा जळून खाक झाला.

पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, रेन्वारनं त्याच टेकडीवरच्या ‘मूलँ द ला गालेत’ या नाचाच्या जागेचं चित्र काढलं. झाडांतून गळणाऱ्या उन्हाच्या कवडशांची नक्षी, निळसर सावल्या, नाचणारी जोडपी. चित्रासाठी बसलेल्या बऱ्याच मुली मोंमार्त्रच्या शिवणकाम करणाऱ्या होत्या. रेन्वार स्वतः शिंप्याचा मुलगा. लहानपणी त्यानं चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवून पोट भरलं होतं. या वस्तीत तो परका नव्हता. पण त्या चित्रात १८७१ चा मागमूस नाही. वर टेकडीच्या माथ्यावर मात्र १८७५ पासून साक्रे-कर या भव्य चर्चचं बांधकाम चालू होतं, फ्रान्सनं आपल्या पापांचं प्रायश्चित्त घ्यावं म्हणून.

मोनेच्या आर्जाँतयमध्येही हेच दिसतं. तिथले पूल युद्धात उद्ध्वस्त झाले होते, ते नव्यानं बांधले गेले. मोनेनं नवा रेल्वेपूल रंगवला तो झगमगत्या उन्हात, वरून गाडी धूर सोडत चाललेली आणि खालून शिडाची नाव. गावात कारखाने वाढत होते. त्याच्या काही चित्रांत दूरवर धुराडी दिसतात, एखाद्या झाडाइतकी शांत. मानेनं रस्त्यावरच्या कत्तलीचे शिळाछाप केले, हा अपवाद. एरवी या मंडळींनी जखम दाखवण्याऐवजी शहर पुन्हा जगायला लागल्याचं चित्र काढलं. काही अभ्यासकांना यात पळवाट दिसते, काहींना दिलासा. मला वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. विसरण्याची गरज त्या पिढीच्या मध्यमवर्गाला फार होती आणि पुढे या चित्रांचा ग्राहक झाला तो मुख्यतः तोच वर्ग.

बाईनं कुठे बसायचं?

कॅफे गेर्ब्वातल्या चर्चांमध्ये बेर्त मोरिझो नसायची. सभ्य घरातल्या बाईनं तिथे एकटीनं जाण्याची रीत नव्हती. सरकारी कलाशाळा एकोल दे बोझारमध्ये मुलींना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. मोरिझो खाजगी शिक्षकांकडे शिकली आणि १८७४ च्या प्रदर्शनातली ती एकमेव स्त्री चित्रकार होती. तिच्या ‘पाळणा’ या चित्रात तिची बहीण एदमा झोपलेल्या बाळाकडे बघत बसली आहे. हीच एदमा पूर्वी बेर्तच्या बरोबरीनं चित्रं काढायची. लग्नानंतर तिचं चित्र काढणं थांबलं. हे ठाऊक असेल तर त्या मऊ पांढऱ्या जाळीआडची नजर वेगळी वाटू लागते.

१८७९ पासून या गटाबरोबर चित्रं मांडणारी अमेरिकन मेरी कसाट आणि मोरिझो या दोघींचा मुलूख म्हणजे दिवाणखाना, बाग, बाल्कनी, नाटकगृहातला बॉक्स. पुरुष चित्रकारांचा मुलूख बराच मोठा होता: बार, नाट्यगृहाची मागची बाजू, नाचघर. आणि तिथे दिसणाऱ्या बाया बहुतेक कामावर आहेत. देगाच्या ऑपेरातल्या मुली गरीब घरांतल्या असत. सरावात जांभया देणाऱ्या, पाय चोळणाऱ्या. वर्गणीदार श्रीमंतांना रंगमंचामागे मुक्त प्रवेश होता आणि देगाच्या चित्रांत कडेला उभा काळ्या कोटातला गृहस्थ तिथे का आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. त्याच्या धोबिणी इस्त्री दाबता दाबता आळस देतात. मानेच्या १८८२ च्या ‘फोली-बेर्जेरमधला बार’ या चित्रात बाटल्यांच्या रांगेमागे उभी असलेली मुलगी आपल्याकडे बघते, पण तिची नजर कुठेच नसते. तिच्यामागच्या आरशात शहराची करमणूक लखलखते आहे. ती करमणूक विकणं हा तिचा रोजगार.

दलाल, दिवाळं आणि अमेरिका

परीक्षक गेले तरी चित्रकाराला पोट होतं. त्यांची जागा घेतली खाजगी विक्रेत्यानं. पॉल द्युराँ-र्‍युएल हा धर्मनिष्ठ, राजेशाहीचा समर्थक गृहस्थ. युद्धाच्या काळात लंडनमध्ये मोने आणि पिसारो त्याला भेटले आणि त्यानं त्यांची चित्रं घाऊक घ्यायला सुरुवात केली. एकेक चित्र विकण्यापेक्षा चित्रकारावरच पैसे लावायचे, त्याला आगाऊ रक्कम द्यायची, एकेकाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवायचं, हा त्याचा खाक्या. आजच्या आर्ट गॅलऱ्यांचा व्यवसाय बराचसा याच वाटेनं चालतो.

पण बाजार म्हटला की मंदी आली. १८७३ च्या आर्थिक संकटानं द्युराँ-र्‍युएलचे हात आखडले. १८८२ मध्ये युनियों जेनेराल ही बँक बुडाली आणि तो कर्जात रुतला. त्याच पडझडीत शेअर बाजारात काम करणारा एक हौशी चित्रकार लवकरच नोकरी सोडून पूर्णवेळ कलेकडे वळला. त्याचं नाव पॉल गोगँ. द्युराँ-र्‍युएलला वाचवलं अमेरिकेनं. १८८६ मध्ये त्यानं सुमारे तीनशे चित्रं न्यूयॉर्कला नेली. रेल्वे, पोलाद, साखर यांत नव्यानं गबर झालेल्या तिथल्या लोकांवर पॅरिसच्या अकादमीचं दडपण नव्हतं आणि मेरी कसाट ओळखीच्यांना खरेदीचा सल्ला देत होतीच. आज शिकागो आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत इतकी इम्प्रेशनिस्ट चित्रं आहेत त्याचं कारण हे.

फ्रेंच सरकारची नाराजी मात्र टिकली. कायबोत १८९४ मध्ये वारला आणि मित्रांकडून जमवलेला आपला संग्रह त्यानं सरकारच्या नावे केला. फुकट मिळणाऱ्या या ठेव्यावरूनही वाद पेटला आणि अखेर त्यातली चाळीसेक चित्रंच स्वीकारली गेली.

दोन काठ

१८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात झॉर्झ सरा या सव्वीस वर्षांच्या तरुणानं एक अवाढव्य चित्र मांडलं: ‘ग्रांद-जात बेटावरचा रविवार’. त्याआधी १८८४ मध्ये त्यानं जवळजवळ त्याच आकाराचं ‘आस्निएरचे स्नानार्थी’ हे चित्र केलं होतं. दोन्ही सुमारे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. दोन्हींत सेन नदीचा तोच पट्टा, समोरासमोरचे काठ. एका काठावर कामकरी तरुण आणि मुलं पाण्यात डुंबताहेत, पाठीमागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. नदीतून एक होडी उंच टोपीवाला गृहस्थ आणि छत्रीवाली बाई यांना घेऊन चालली आहे आणि होडीवर फ्रान्सचा तिरंगा. दुसऱ्या काठावर, बेटावर, रविवारची गर्दी: उंच टोप्या, फुगीर झगे, दोरीला बांधलेलं माकड, दाई, शिपाई. पुढे डावीकडे बाह्या नसलेला बनियन घातलेला एक माणूस पाइप ओढत पडला आहे आणि त्याच्या शेजारीच काठी घेतलेला टापटीप साहेब बसला आहे. दोघांत बोलणं नाही.

मोनेचं ऊन इथेही आहे, पण आता ते गोठलं आहे. सरानं शेव्हरल आणि अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डेन रूड यांचे रंगसिद्धान्त अभ्यासून चित्र हजारो ठिपक्यांनी बांधलं. माणसं पुतळ्यांसारखी ताठ. मोकळी म्हणवणारी सुट्टीही किती नियमात बसवलेली असते, हे त्या ताठपणातून दिसतं.

इथे एक कायदेशीर तपशील महत्त्वाचा आहे. रविवारी काम बंद ठेवण्याचा १८१४ चा कायदा फ्रेंच प्रजासत्ताकानं १८८० मध्ये रद्द केला होता, कारण त्याला धर्माचा वास होता. सरा हे चित्र काढत होता तेव्हा कामगाराला रविवार मिळेलच अशी हमी नव्हती. आठवड्याची सुट्टी कायद्यानं मिळाली ती १९०६ च्या जुलैत. इम्प्रेशनिस्टांनी ज्या सुट्टीला हवेसारखी सर्वांची म्हणून रंगवलं, ती त्या काळी मालकाच्या मर्जीवर होती.

सरा आणि त्याच्यासारख्या वेगळ्या वाटेच्या चित्रकारांना पुढे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हटलं गेलं. हे नाव इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय यानं १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी वापरलं. तोवर सरा, व्हॅन गॉग, गोगँ, सेझान चौघेही हयात नव्हते. त्यांचा एक गट कधीच नव्हता. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच, की डोळ्यांना दिसलेला क्षण त्यांना पुरेसा वाटेना.

पॉल सेझानला टिकाऊ रचना हवी होती. एक्स गावाबाहेरचा साँत-व्हिक्त्वार डोंगर तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, रंगांच्या ठोकळ्यांनी रचत. त्यातल्या काही चित्रांत दरीतून रेल्वेचा पूल जातो. त्याला हे वर्षानुवर्षं करता आलं कारण त्याचे वडील बँकवाले होते. आधी त्यांचा तनखा, मग १८८६ मध्ये वारसा. चित्र विकलं नाही तरी चूल पेटत होती.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची चूल त्याचा भाऊ थिओ पेटवत होता, पॅरिसच्या एका चित्रविक्रेत्या पेढीतल्या पगारावर. पाद्र्याचा हा मुलगा बेल्जियमच्या कोळसा-खाणींत धर्मप्रचारक म्हणून राहिला होता आणि १८८५ च्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रात त्यानं शेतमजुरांचे हात जमिनीच्याच रंगात रंगवले होते. १८८६ मध्ये पॅरिसला आल्यावर त्याचे रंग उजळले. पुढच्या वर्षी तोही आस्निएरला जाऊन बसला आणि क्लिशीचे कारखाने त्यानं दूर धूसर न ठेवता चित्राचा मुख्य विषय केले. १८८८ मध्ये आर्लला गेला तो चित्रकारांचं सहजीवन उभं करायच्या इराद्यानं, सामायिक कमाई, सामायिक घर. गोगँ आला आणि दोन महिन्यांत बिनसलं. जुलै १८९० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, व्हिन्सेंट गेला. सहा महिन्यांत थिओही. थिओची विधवा योहाना हिनं पत्रं संपादित केली, चित्रं प्रदर्शनांत पाठवली, जपून विकली. व्हॅन गॉगची आजची कीर्ती तिच्या चिकाटीवर उभी आहे.

गोगँला शहरच नकोसं झालं. १८९१ मध्ये तो ताहितीला गेला. पण ताहिती तोवर फ्रेंच वसाहत होती. पापीतमध्ये सरकारी कचेऱ्या होत्या, चर्चं होती. त्याला हवा असलेला अस्पर्श स्वर्ग तिथे नव्हता, म्हणून त्यानं तो कॅनव्हासवर बनवला, आणि कोवळ्या वयाच्या मुलींशी त्याचे संबंध हा त्या स्वर्गाचा आज न टाळता येणारा भाग आहे. पॅरिसमध्ये राहिला तो आंरी द तुलूझ-लोत्रेक. १८८९ मध्ये उघडलेल्या मूलँ रूज या नाचघरासाठी त्यानं १८९१ मध्ये केलेलं पोस्टर रस्त्यारस्त्यांवर झळकलं. चित्र आता जाहिरात होऊन भिंतीवर आलं होतं.

आणि जुनी मैत्री? ती १८९० च्या दशकात फुटली. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला आणि फ्रान्स दुभंगला. मोने, कसाट आणि स्वतः ज्यू असलेला पिसारो ड्रेफसच्या बाजूचे. देगा आणि रेन्वार विरोधात. देगानं पिसारोशी संबंध तोडले. एकाच उन्हात बसून रंगवलं म्हणून माणसं एका विचाराची होत नाहीत.

मुंबईत काय आलं

आपल्याकडे ही कला फार उशिरा आणि बहुतेक छापील चित्रांतून पोचली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण होतं ते अकादमीच्या वळणाचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नाझींपासून जीव वाचवून काही युरोपीय मुंबईत आले. त्यांत व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर होता, एमॅन्युएल श्लेसिंजर हा उद्योजक-संग्राहक होता. त्यांच्याआधी आलेला समीक्षक रुडी फॉन लायडनही होता. त्यांच्या घरी सेझान, व्हॅन गॉग यांच्यावरची पुस्तकं पाहत, वाद घालत तरुण चित्रकार वाढले. १९४७ मध्ये गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकारानं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे त्यात होते. पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांना सेझान अभ्यासायला सांगितलं आणि १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले.

या सगळ्यातून रंगलेपनाच्या तऱ्हा आल्याच, पण त्याहून दूरगामी ठरली ती व्यवस्था: चित्रकारांनी आपला गट करायचा, स्वतःचं प्रदर्शन भरवायचं, सरकारी शिक्क्याऐवजी जाणकार मित्र आणि धाडसी खरेदीदार शोधायचे. १८७४ मध्ये पॅरिसच्या त्या मंडळींनी हाच सौदा केला होता. त्यात परीक्षकांपासून सुटका होती आणि बाजाराच्या लहरीशी कायमची गाठ होती. सेझानला वडिलांची बँक होती, व्हिन्सेंटला थिओ होता, मोनेला द्युराँ-र्‍युएल. ज्यांना असं कुणीच नव्हतं त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

म्हणून मोनेची शिडं किंवा रेन्वारचा नाच पुढच्या वेळी समोर आला तर डोळे भरून पाहावा. तो आनंद खोटा नाही. फक्त सोबत एक प्रश्न ठेवावा: या चौकटीत आज कुणाला सुट्टी आहे आणि कोण कामावर आहे? त्या काळच्या चित्रकारांपैकी जे मोठे होते त्यांच्या चित्रांत दोन्ही माणसं सापडतात, कधी एकाच काठावर, कधी नदीपलीकडे.